सात नंबरचा ओटा

गुहेच्या तोंडाशी तिकीटखिडकी होती आणि खिडकीत ताई बसायची. तिथून दोनशे चौऱ्याऐंशी पायऱ्या उतरलं की गुहा, आणि गुहेत ताईची धाकटी बहीण. शाळेच्या सहलीची पोरं हिला अंधारमावशी म्हणायची. हळूहळू व्यवस्थापकांपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी तेच बसलं, आणि खरं नाव फक्त हजेरीपटापुरतं उरलं.

बावीस वर्षं अंधारमावशी लोकांना गुहा दाखवत होती. छतातून लोंबणारे चुनखडीचे सुळके, जमिनीतून वर आलेले खांब, भिंतीवरून गोठलेल्या दुधासारखे उतरलेले पडदे, सगळ्यांना तिने नावं दिली होती. एका बुटक्या खांबाला ती ‘रुसलेला जावई’ म्हणायची. खांबाचं वय विचारलं की समोरच्याचा चेहरा बघून आकडा सांगायची. गिऱ्हाईक जांभई देत असेल तर खुशाल लाखभर वर्षं वाढवून द्यायची. बिचाऱ्या खांबाची कधी तक्रार नव्हती.

दोघी बहिणी एका लाँड्रीच्या वरच्या दोन खोल्यांत राहायच्या. ताईचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मावशी लग्नाच्या भानगडीत पडलीच नव्हती. ताई सहा वर्षांनी मोठी, म्हणजे तिच्या मते साठ वर्षांनी. दोन वर्षांपूर्वी दोघींनी रक्त तपासून घेतलं. ताईचं सगळं ठणठणीत निघालं, मावशीची साखर मात्र काठावर होती. डॉक्टरांनी ‘जरा सांभाळा’ एवढंच सांगितलं, पण ताईने त्याच संध्याकाळी साखरेचा डबा उचलून लाँड्रीवाल्याच्या बायकोला देऊन टाकला. त्या दिवसापासून दोघींचा चहा बिनसाखरेचा. गोड या शब्दालाही घरात थारा उरला नाही.

घरात. गुहेत नव्हे.

गुहेच्या तिसऱ्या दालनात पडद्याच्या मागे एक चिंचोळी वाट होती. अंग चोरून बारा-पंधरा पावलं गेलं की हातभर रुंद, दोन पुरुष लांब असा सपाट दगडी ओटा लागायचा. ना दिवा, ना कठडा, ना माणूस. बारा महिने हवा एकसारखी, आणि कुठेतरी लांब पाण्याचा थेंब पडल्याचा आवाज. मावशी त्या जागेला मनातल्या मनात ‘शेजघर’ म्हणायची. रोज बाराची फेरी संपली की वहीत ‘दिवे तपासणी’ लिहून ती तिकडे जायची. खिशातून खोबऱ्याची तीन बिस्किटं काढायची, चवीचवीने खायची आणि निळी शाल पांघरून दोन वाजेपर्यंत गाढ झोपायची. ही शाल ताईने विणलेली होती आणि सहा वर्षांपूर्वी बसमध्ये हरवली होती. म्हणजे ताईला तसं सांगितलं होतं.

एकोणीस वर्षं हे असं बिनबोभाट चाललं. मग डॉक्टरीणबाई आल्या.

या बाई रोग्यांच्या डॉक्टर नव्हत्या. विद्यापीठात बुरशीचा अभ्यास करायच्या. अंगाने सुकलेली शेवग्याची शेंग, पाठीला मोठी पिशवी, बोलणं अगदी मवाळ. व्यवस्थापकसाहेबांनी मावशीला बोलावून सांगितलं, “यांना गुहेत माणूस जात नाही अशा जागा दाखवायच्या. तुझ्याइतकी माहिती कुणाला नाही.”

“बुरशी बघायला गुहेत कशाला यायचं?” पायऱ्या उतरताना मावशीने विचारलं. “आमच्या मोरीत चिकार आहे.”

“मोरीतल्या बुरशीला खायला मिळतं हो,” बाई हसल्या. “इथे बघा. ऊन नाही, झाडपाला नाही. पाण्याबरोबर झिरपून येईल ते, नाहीतर हवेतून धुळीचा कण येईल तो. तेवढ्यावर जगणाऱ्या बुरशा असतात. वाढतातही अगदी सावकाश. मला त्या हव्यात.”

“म्हणजे उपाशी.”

“जवळजवळ. गंमत म्हणजे त्यांना भरपूर खायला घालूनही चालत नाही. अन्न पडलं की बाहेरच्या खादाड बुरशा येतात, भराभर पसरतात आणि या गरीब बिचाऱ्यांना जागाच उरत नाही.”

“आमच्या ताईला भेटवते तुम्हाला,” मावशी म्हणाली. “तिचं आणि तुमचं चांगलं जमेल.”

सहा जागा मावशीने आनंदाने दाखवल्या. बाईंनी प्रत्येक ठिकाणी काडीला गुंडाळलेला कापूस दगडावरून फिरवला, नळीत बंद केला, वर नंबर लिहिला. मग तिसऱ्या दालनात त्यांनी बॅटरी पडद्यामागे मारली.

“इकडे वाट आहे वाटतं?”

मावशी वाटेच्या तोंडाशी आडवी उभी राहिली. “आहे, पण बंद आहे. साप असतो आत.”

“साप!” बाईंचे डोळे चमकले. “म्हणजे त्याची विष्ठा, कात, काहीतरी मिळेल. बुरशीला केवढं खाद्य!”

“साप म्हणजे... पूर्वी होता. आता वटवाघळं आहेत. खूप.”

“अहो, मग तर पाहायलाच हवं. वटवाघळांच्या लेंडीवर तर अख्खी दुनिया जगते.”

“आत हवा खराब आहे,” मावशीने शेवटचा उपाय केला. “मागे एकजण आत गेला तो भोवळ येऊन पडला.”

बाईंनी शांतपणे पिशवीतून हातात मावेल एवढं यंत्र काढलं आणि वाटेच्या तोंडाशी धरलं. हवा उत्तम होती.

“थांबा, मी पुढे जाऊन बघते,” म्हणत मावशी आत घुसली, शाल ओढली, जाकिटाच्या आत कोंबली आणि वरपर्यंत चेन लावली. बाई मागोमाग आल्या तेव्हा ती ओट्यासमोर पोट धरून उभी होती. बाईंनी ओट्यावरून तीन ठिकाणी कापूस फिरवला आणि नळीवर लिहिलं, सात.

वर आल्यावर ताईने खिडकीतून तिला आपादमस्तक न्याहाळलं. “सकाळी खाली गेलीस तेव्हा एवढी नव्हतीस.”

“खाली थंडी होती. हवा भरली जाकिटात,” मावशी म्हणाली आणि तिथून सटकली.

दीड महिना गेला. मावशी बुरशी विसरली, शाल परत जागेवर गेली, बिस्किटंही सुरू झाली. मग एका दुपारी बाई खोका घेऊन आल्या आणि थेट तिकीटखोलीतल्या टेबलावर झाकणाच्या सात पारदर्शक बशा मांडल्या. खिडकीत ताई, खुर्चीत व्यवस्थापकसाहेब, दाराशी मावशी.

पहिल्या सहा बशांमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. इथे पांढरा ठिपका, तिथे राखाडी. सातवी बशी मात्र उतू चालली होती. हिरवी, काळी, गुलाबी, आणि मधोमध मांजरीच्या पाठीसारखी केसाळ. साहेबांनी खुर्ची मागे सरकवली.

“वटवाघळं नाहीत तिथे,” बाई म्हणाल्या. “सापही नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पिठाचे कण दिसले. साखर, तेल. खोबऱ्याचा कीस. माणसाच्या कातडीचा कोंडा आणि एक केस. निम्मा पांढरा, निम्मा कलप लावलेला. आणि लोकरीचे तंतू. निळे.”

“कुणीतरी भुरटा राहतोय आत!” साहेब ओरडले.

मावशीने दाराच्या कडीकडे पाहायला सुरुवात केली. ताई तिकिटांचा गठ्ठा मोजत बसली होती. निळी लोकर म्हटल्याबरोबर तिचा हात थांबला होता, हे मावशीने पाहिलं होतं.

“उंदीर असेल,” ताई म्हणाली.

मावशीचा आपल्या कानांवर विश्वास बसेना.

“उंदीर कलप लावत नाही,” बाई हळूच म्हणाल्या.

“आमच्याकडचे लावतात,” ताई म्हणाली. तिचा चेहरा दगडासारखा होता.

इतका वेळ निगरगट्टपणे उभी असलेली मावशी त्या एका वाक्याने विरघळली. तिने सगळं कबूल केलं: ओटा, झोप, तीन बिस्किटं, ती जिथून घ्यायची ती बसथांब्याची टपरी. शालीचंही सांगितलं.

साहेबांनी कागद पुढे ओढला. “मेमो देतो. लेखी खुलासा हवा मला.”

“जरा थांबा साहेब,” बाई म्हणाल्या आणि मावशीकडे वळल्या. “किती वर्षं?”

“एकोणीस.”

“रोज?”

“रोज. गर्दीच्या दिवसांत कधी दोनदा.”

बाईंनी दीर्घ श्वास घेतला. हिरा सापडलेल्या माणसाचा चेहरा होता तो. उपाशी गुहा आणि तिच्यात पंधरा पावलांवर, एकोणीस वर्षं रोज नेमाने जेवू घातलेली एक जागा, असं मागून मिळत नाही, त्या म्हणाल्या. तो ओटा मध्ये दोरी लावून दोन भागांत वाटायचा. डाव्या भागावर रोज मोजून बिस्किटाचा चुरा टाकायचा, मावशींनी पूर्वीसारखं तिथेच झोपायचं. उजवा भाग स्वच्छ करून उपाशी ठेवायचा. वर्षभर बघायचं, काय होतं ते.

साहेबांना विद्यापीठाचं पत्र मिळणार म्हटल्यावर त्यांनी मेमोचा कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला आदेशाचा मसुदा लिहिला. ‘विषय: ठिकाण क्रमांक सात येथे नियमित झोप घेण्याबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण दररोज दुपारी सव्वा ते दोन या वेळेत सदर ठिकाणी झोप घ्यावी व त्याचा अहवाल दरमहा सादर करावा.’

“माझी एक अट आहे,” ताई म्हणाली. “बिस्किट मी देणार. वजन करून, चुरून, पुडी बांधून. आणि पुडीवर माझा तिकिटाचा शिक्का. हिच्या पोटात कण जाता कामा नये.”

त्या दिवशी घरी जाताना ताईने एकच प्रश्न विचारला. “शाल उबदार आहे का अजून?”

“आहे,” मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मावशीची सरकारमान्य झोप सुरू झाली, आणि झोप उडाली. एकोणीस वर्षं पाठ टेकताच घोरणारी बाई आता अंधारात टक्क उघड्या डोळ्यांनी पडून राहायची. आदेशाचा कागद घडी करून खिशात असायचा, तो कुशीला टोचायचा. शेवटी ती उठून बॅटरी लावायची आणि तक्त्यात लिहायची: ‘झोप: नाही.’ महिन्याच्या अहवालात ओळीने तीस वेळा ‘झोप: नाही’ बघून साहेबांनी विचारलं, “कामात कुचराई करतेस का?”

झोप नाही म्हणून ती बघत बसायला लागली. पहिले तीन महिने डाव्या भागावर चुऱ्यातल्या बुरशीला जोर चढला होता. आज लव, उद्या जाळं, परवा हिरवी भुकटी. “खा,” मावशी तिला म्हणायची. “माझ्या वाटणीचं आहे, लाजू नकोस.” उजव्या भागावर ढिम्म काही नव्हतं. तिथेही ती रोज बॅटरी मारायची. सहाव्या महिन्यात, दगडाच्या एका खळगीत, मोहरीच्या निम्म्याएवढा पांढरा ठिपका दिसला. आठवडाभर तो होता तेवढाच होता. मावशीने तो कुणाला सांगितला नाही. पण त्या बाजूने जाताना ती श्वास रोखून धरायला लागली.

सातव्या महिन्यात बाई ओट्याशी फोटो आणि आकडे घेऊन बसल्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“मावशी, रागावू नका. पण डाव्या बाजूची वाढ चौथ्या महिन्यापासून निम्म्यावर आली आहे. बिस्किट पूर्ण टाकता ना?”

मावशी उडालीच. आयुष्यात पहिल्यांदा ती खरोखर निर्दोष होती आणि पहिल्यांदाच तिच्यावर लेखी आकड्यांनिशी आरोप होत होता.

“कण खाल्ला असेन तर जीभ झडो माझी!” ती ओरडली. “आणि पुडीवर शिक्का असतो. तो मी इथे येऊन फोडते. ही बघा आजची, अजून बंद आहे.”

बाईंनी पुडी घेतली. शिक्का शाबूत होता. पिशवीतून छोटा काटा काढून त्यांनी पुडी त्याच्यावर ठेवली. बिस्किट दहा ग्रॅमचं असायला हवं होतं. कागदासकट आकडा साडेपाचावर थांबला.

दोघी काट्याकडे बघत राहिल्या. मग दोघींनी हळूहळू मान वर केली. वर, म्हणजे दोनशे चौऱ्याऐंशी पायऱ्या वर.

मावशी इतक्या वेगाने त्या कधी चढली नव्हती. दम खात ती तिकीटखोलीच्या मागच्या दाराशी पोचली. बाई पुडी घेऊन मागोमाग आल्या. खिडकीवर कुणी नव्हतं. ताई भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि तिचा जबडा हलत होता.

“ताई.”

जबडा थांबला.

“इकडे बघ.”

ताई वळली. वरच्या ओठाला खोबऱ्याचा कीस चिकटला होता.

“काय आहे?” ताईने शक्य तितक्या रुबाबात विचारलं.

“उंदीर शोधतेय,” मावशी म्हणाली. “कलप लावलेला.”

ताईने ओठ पुसला. जागच्या जागी ती जरा बुटकी झाल्यासारखी दिसली. “अर्धंच खाते,” ती म्हणाली. “पहिल्या महिन्यांत वासही घेतला नाही, शप्पथ. पण रोज तेच हातात यायचं, रोज चुरायचं. एकदा बोट चाटलं.”

“पण तुला कुणी मनाई केली होती? तुझी साखर तर चांगली आहे! घरीसुद्धा बिनसाखरेचा चहा पितेस, मला वाटायचं तुला तसाच आवडतो.”

“आवडतो म्हणे!” ताई उसळली. “दोन वर्षं विष पितेय मी! तुझ्यासमोर मी गोड प्यायचं आणि तू बघत बसायचं, असं करणार होते का? तू मात्र खाली जाऊन तीन-तीन बिस्किटं हादडत होतीस!”

मावशी स्टुलावर टेकली. तिला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, आणि दम लागलेला होताच. खिडकीवर चौघांचं कुटुंब येऊन उभं राहिलं, “चार तिकिटं द्या” म्हणालं, आणि दोघींपैकी कुणालाच उठवेना. शेवटी डॉक्टरीणबाईंनीच तिकिटं फाडून दिली.

“आता तुमच्या पुस्तकात माझं नाव येणार का?” कुटुंब गेल्यावर ताईने भीतभीत विचारलं.

“नाव नाही येणार. पण आकडे घसरले त्याचं कारण द्यावं लागेल.” बाईंनी जरा विचार केला. “‘वाहतुकीदरम्यान गळती’ असं लिहिते.”

“हे बरं आहे,” ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ताईने गुहेत उतरायचं ठरवलं. गुडघ्यांमुळे नऊ वर्षांत ती खाली गेली नव्हती. पण आपली चहाडी करणाऱ्या बुरशीला एकदा डोळ्यांनी बघायचंच, म्हणाली. साहेबांना खिडकीत बसवलं. दर दहा पायऱ्यांवर थांबत, मावशीच्या खांद्यावर भार टाकत ती उतरली. वाटेत मावशीने ‘रुसलेला जावई’ दाखवला. ताईने तो नीट पाहिला आणि हा आपल्या धाकट्या दिरासारखा दिसतो, असा निर्वाळा दिला.

चिंचोळ्या वाटेतून ताईला नेताना बरीच ओढाताण झाली. ओट्याशी पोचल्यावर मावशीने आधी डावा भाग दाखवला. ताईने नाक मुरडलं. मग मावशीने बॅटरी उजवीकडे वळवली आणि आवाज खाली आणला. “ही बघ. श्वास रोखून बघ.”

“कुठे?”

“त्या खळगीत. पांढरी.”

ताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “एवढीशी?”

“आधी निम्मी होती.”

“खाते काय?”

“काही नाही. कधीतरी थेंब येतो छतातून.”

ताई बराच वेळ वाकून बघत राहिली. गुडघे दुखत असणार, तरी सरळ झाली नाही.

वर्ष संपलं तसा आदेशही संपला. दोरी निघाली, डावा भाग खरवडून धुतला, आणि त्या वाटेला साखळी लागली. आता तिथे मावशीलाही जाता येत नाही. ठिपक्यातला एक कण डॉक्टरीणबाई घेऊन गेल्या. त्यांच्या वहीतल्या कुठल्याच बुरशीशी तो जुळत नाही म्हणतात. आता कुणाकुणाला पाठवून विचारणं चाललंय. त्याला शंभरपट पातळ केलेल्या खाद्यावर ठेवलाय, आणि तेवढ्यात तो खूश आहे.

घरात साखरेचा डबा परत आला. ताई आपल्या चहात एक चमचा घालते, मावशी बघते आणि जीभ काढून दाखवते. दर महिन्याला बाईंचा तिकीटखोलीत फोन येतो. फोन ताई उचलते, ठिपका केवढा झाला ते विचारून घेते, आणि पायऱ्यांच्या तोंडाशी जाऊन खाली ओरडून सांगते. मागच्या खेपेला मावशी तीस माणसांना घेऊन पहिल्या दालनात उभी होती.

“मसुराएवढी झाली गं!” वरून आवाज आला.

तीसही माणसांनी मावशीकडे पाहिलं. “घरचं आहे,” ती म्हणाली आणि त्यांना पुढच्या दालनाकडे घेऊन गेली.